फाटकाचा क्रमांक आणि तीनदा परत आलेला अर्ज

आमची वस्ती रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे आणि अग्निशमन केंद्र नेमके पलीकडे आहे. मालगाड्या वाढल्या, लांबल्या आणि सिग्नल मिळेपर्यंत फाटकावरच आडव्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा फाटकावर उड्डाणपूल व्हावा म्हणून आम्ही काही कुटुंबांनी मिळून समिती स्थापन केली. बैठका, सह्या, निवेदनाचा मसुदा हे सारे पंधरवड्यात उरकले. खरा छळ झाला तो अर्जाचा.

पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण आम्ही फाटकाचे बोलीतले नाव लिहिले होते. रेल्वेच्या दप्तरात फाटक ओळखले जाते ते क्रमांकाने आणि किलोमीटरने, आणि तो क्रमांक ज्या पाटीवर होता तिच्याच खांबाला आम्ही वर्षानुवर्षे सायकली टेकवत आलो होतो. ही चूक आमची होती, हे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्यांदा ‘मोजणी अपूर्ण’ असा शेरा आला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. उड्डाणपुलाची गरज ठरवताना चोवीस तासांतील गाड्यांची संख्या आणि फाटक ओलांडणाऱ्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार पाहतात. भारतीय रेल्वेत त्याला ट्रेन व्हेइकल युनिट म्हणतात. आम्ही सकाळी सहा ते रात्री दहा एवढीच मोजणी केली होती. प्रवासी गाड्यांची वर्दळ ओसरल्यावर मालगाड्यांना वाट मिळते, हे आमच्या डोक्यातच आले नव्हते. पण ज्या गाड्यांची मिनिटामिनिटाची नोंद नियंत्रण कक्षात होते, त्याच गाड्या आम्ही झोप मोडून मोजायच्या आणि मग त्याच यंत्रणेने त्यात त्रुटी काढायच्या, हे मला आजही पटलेले नाही. खिडकीवरच्या कारकुनाला मी तसे बोलून दाखवले, तर त्याने शांतपणे नवा कोरा तक्ता पुढे सरकवला.

मग आठवडाभर आम्ही दोघादोघांनी रात्रपाळ्या केल्या. फाटक पडल्याची आणि उघडल्याची वेळ, इंजिनाचा क्रमांक, वाघिणींची संख्या. तिसऱ्या रात्री टँकर वाघिणींची एक गाडी समोरच थांबली आणि विजेरीच्या उजेडात नारिंगी पाटीवर 1005 हा आकडा दिसला. हा संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतला निर्जल अमोनियाचा क्रमांक. 1017 म्हणजे क्लोरीन, 1203 म्हणजे पेट्रोल. गाडी हलली तेव्हा माझ्या वहीत बावीस मिनिटे भरली होती. त्या बावीस मिनिटांत अग्निशमन बंब आमच्या बाजूला येऊच शकला नसता. (रूळ ओलांडून वाघिणीजवळ कधीही जाऊ नये, पाटी दुर्बिणीतूनही वाचता येते, हे आम्हाला नंतर सुचले.)

त्यावरून आम्ही धोकादायक मालाची माहिती मागितली आणि अर्ज तिसऱ्यांदा परत आला: सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. येथे कॅनडाचा दाखला कामी आला. 6 जुलै 2013 रोजी लाक-मेगांटिक या छोट्या गावात कच्च्या तेलाची, उभी करून ठेवलेली गाडी उतारावरून घसरत येऊन उलटली आणि 47 माणसे दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील सरकारने रेल्वे कंपन्यांना आदेश दिला की, धोकादायक मालाचे स्वरूप आणि प्रमाण संबंधित नगरपालिकांना एकत्रित स्वरूपात कळवावे. आम्हीही मग कोणत्या दिवशी कोणती गाडी, हे न विचारता केवळ वर्षभराची एकत्रित यादी आणि तीही अग्निशमन केंद्रासाठी मागितली. मागणी अशी छोटी केल्यावर नकार देणे त्यांना जड गेले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: रस्ता एका खात्याचा असतो, रूळ दुसऱ्याचे. एकाच दिवशी दोघांनाही अर्ज द्यावा आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी, नाहीतर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. सह्यांच्या गठ्ठ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. बावीस मिनिटांची नोंद मात्र संयुक्त पाहणीत मोठ्याने वाचली गेली.

आता लांब गाड्या फाटकाच्या अलीकडच्या सिग्नललाच रोखून धरतात आणि यादी अग्निशमन केंद्रात पोहोचली आहे. उड्डाणपुलाच्या मागणीवर ‘विचाराधीन’ असा शेरा पडला असून तिचा आवक क्रमांक मी वहीच्या पहिल्या पानावर, फाटकाच्या क्रमांकाखाली लिहून ठेवला आहे.