तीन वाट्या भात

रविवार, रात्री दहा

नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नाही. रॉकेल झालं, लिंबू झालं.

गेल्या आठवड्यात कराडहून येताना कुंभार्ली घाटात पुढच्या डाव्या बाजूनं खट् खट् वाजायला लागलं. स्टिअरिंगही सैल, आपण फिरवायचं आणि चाकानं जरा विचार करून वळायचं. चिपळूणला आल्यावर जॅक लावून चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं, तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा, चांगलाच खिळखिळा. रबरी बूट फाटलेला, आतलं ग्रीस तांबड्या मातीत कालवलेलं. बारा-सहा धरून हलवल्यावर काहीच हललं नाही, म्हणजे बेअरिंग वाचलं.

आज मागच्या चाकांना चिऱ्याचे तुकडे लावले आणि सोडवलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा बाबांचा जुना दम. नट सैल होऊ नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन अर्धी तुटून भोकातच राहिली. तिच्यापायी पाऊण तास गेला. मग एंडचा निमुळता बोल्ट सुटेना. बाबा ओटीवरून ओरडतायत, "अरे, त्याच्या टोकावर नको, आटे जातील! तो ज्या डोळ्यात बसलाय, त्याला बाजूनं हाण!" हाणला. पाचव्या घावाला टक् करून खाली आला.

आता खरं काम. जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजायचं आणि नवा तेवढेच फेरे आत घालायचा, म्हणजे चाकाची दिशा फारशी बिघडत नाही. मी मोठ्यानं मोजत होतो. तेवढ्यात आतून आई, "भात किती वाट्या लावू रे?" "तीन!" म्हटलं, आणि एंड हातात आला. सोळा झाले होते की सतरा?

खडूची खूण करायला हवी होती. सतरा धरले. खाचांचा नट आवळताना खाच भोकासमोर येईना, तेव्हा थोडा अजून आवळला. पिनसाठी नट मागे सोडायचा नसतो. नवी पिन घालून टोकं दुमडली.

खडखड गेली. पण गाडी सरळ चाललेली असताना स्टिअरिंग उजवीकडे कललेलं. एका फेऱ्याला रॉडमध्ये जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटरचा फरक, पण चाकाच्या कडेला तोच वाढतो आणि टायर एका बाजूनं खातो. अलाइनमेंट करायची होतीच, तरी इतकी वाकडी गाडी घेऊन दुकानात जायची लाज वाटते.

जेवताना आईला सहज विचारलं, "मी काय मोजत होतो, ऐकलंस का गं?"

"सोळा म्हणालास, तेव्हाच तर मी भाताचं विचारलं."

म्हणजे सकाळी रॉडवर एंड घट्ट धरून ठेवणारा जाम नट सैल करून रॉड एक फेरा उलटा. पिनला हात लावायला नको, तेवढं बरं.