मक्याच्या मुलखातली जहाजं

माझगाव डॉकमध्ये वेल्डिंग शिकलो, त्यामुळे जहाजबांधणी म्हणजे खारा वारा हे डोक्यात पक्कं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलला वेल्डिंग शिकवायला आलो, तेव्हा मका-सोयाबीनच्या या मुलखात दुसऱ्या महायुद्धात 167 एलएसटी, म्हणजे रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं बांधली, हे मला खरंच वाटेना. बांधणारी कंपनी तर पुलांची, मिसुरी व्हॅली ब्रिज अँड आयर्न!

वर्गात पोरं पेंगतात, म्हणून परवा त्यांना ओहायो नदीकाठच्या एलएसटी-325 वर नेलं. टँक डेकवर, म्हणजे रणगाडे ठेवायच्या मजल्यावर, पोचतो न पोचतो तोच नदीपलीकडच्या केंटकीतला एक पोरगा म्हणाला, "सर, समुद्र कुठे, आपण कुठे! इथे कशाला बांधली?"

त्याला जहाजाचं बूड समजावलं. सपाट. खोल समुद्रात जाताना टाक्यांत पाणी भरून जहाज खाली बसवायचं, किनारा आला की पाणी उपसून हलकं करायचं. मग पुढचं टोक जेमतेम तीन फूट पाण्यात वाळूला टेकतं. मागचा नांगर आधीच दूर टाकलेला असतो. रणगाडे उतरले की त्याचाच दोर ओढत मागे निघायचं. जे किनाऱ्याला टेकतं ते नदीतूनही जातं, त्यामुळे इथून थेट न्यू ऑर्लिन्स गाठता येई. समुद्रात मात्र हेच बूड खलाशांच्या पोटातलं सगळं बाहेर काढी.

जहाज पाण्यात सोडायची इथली तऱ्हाही निराळी. आम्ही मागच्या बाजूने सोडतो; इथे 328 फुटांचं धूड काठाला समांतर बांधून आडवंच नदीत लोटत. माझ्या जुन्या फोरमनने कपाळाला हात लावला असता.

वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी वेल्डिंगच्या एका उभ्या जोडावर टॉर्च धरून थबकली. "सर, इथे हात बदललाय." म्हणजे इथून पुढे दुसऱ्या वेल्डरने जोडलंय. खरंच, वेल्डच्या खालच्या लहरी दाट, सारख्या, वर विरळ, किंचित उजवीकडे कललेल्या. रंगाच्या थरांखालूनही तिला ते दिसलं. असा डोळा शिकवून येत नाही.

"म्हणजे आपल्या गावातल्याच कुणीतरी केलंय हे?" तिने विचारलं. सांगणं भाग होतं, की हे जहाज 1942 साली फिलाडेल्फियात पाण्यात उतरलं. महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवून, पुढे ग्रीक नौदलात राबून इथे आलं.

"मग आपली कुठायत?"

"बरीचशी भंगारात गेली."

तिने तोंड वाकडं केलं, पण टॉर्च काही खाली घेतला नाही.