शोलावरमची धावपट्टी आणि कुर्ल्याची फियाट

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायमची उतरली, त्या आठवड्यात बहुतेकांनी टॅक्सीच्या आठवणी लिहिल्या. माझ्या मनात मात्र त्या गाडीचे दुसरेच रूप आले: मागची सीट काढून टाकलेली, दारावर पांढऱ्या रंगात क्रमांक रंगवलेली, सायलेन्सर कापलेली फियाट. गिरगावातल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, ऑपेरा हाऊसजवळच्या एका गॅरेजमध्ये, दर वर्षी डिसेंबरच्या रात्री जागून ती तयार होत असे. माझे मामा त्या गॅरेजमध्ये मिस्त्री होते. गाडी एका पारशी गृहस्थांची होती, चालवणारेही तेच, आणि ती जिथे पळायची ते ठिकाण मुंबईपासून तेराशे किलोमीटरहून अधिक दूर, मद्रासच्या पलीकडे शोलावरमला होते.

शोलावरम ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी. मद्रासच्या उत्तरेला, कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, ज्या तलावातून त्या शहराला पिण्याचे पाणी मिळते त्या तलावाच्या परिसरात ती होती. युद्ध संपल्यावर अशा अनेक धावपट्ट्या देशभर रिकाम्या पडल्या आणि मोटारशर्यतींची आवड असलेल्या मंडळींचे लक्ष त्यांच्याकडे गेले, कारण भारतात तेव्हा शर्यतीसाठी बांधलेला रस्ता कुठेही नव्हता. कोलकात्याजवळ बराकपूरला अशाच धावपट्टीवर शर्यती होत. मद्रासमध्ये १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि पुढची साडेतीन दशके शोलावरम हेच या देशातल्या मोटारशर्यतींचे मुख्य ठिकाण राहिले.

मुंबईला असे ठिकाण का लाभले नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. मोटारींच्या स्पर्धांचा या शहराशी संबंध फार जुना आहे, कारण १९०४ सालीच मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी-स्पर्धा घेतली होती. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा, जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पण जुहूचा विमानतळ शोलावरमसारखा ओस पडला नाही, कारण प्रवासी विमाने सांताक्रूझला गेल्यावरही तिथे फ्लाइंग क्लब राहिला आणि पुढे हेलिकॉप्टरे आली. शिवाय मुंबईत जमिनीचा भाव असा, की वर्षातून चार दिवस वापरायच्या रस्त्यासाठी कुणी मोकळे रान राखून ठेवील, ही अपेक्षाच करता येत नव्हती. त्यामुळे मुंबईच्या गाड्या मद्रासला जात राहिल्या.

शर्यतीचा मार्ग साधाच होता. धावपट्ट्यांची रचना इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी असल्यामुळे लांब सरळ रस्ता, त्याच्या टोकाला जवळजवळ उलटे फिरवणारे वळण आणि पुन्हा सरळ रस्ता, असे त्याचे स्वरूप होते. विमानासाठी केलेली जमीन म्हणजे चढ नाही, उतार नाही आणि वळणावर बाहेरच्या बाजूने गाडीला आधार देणारा उंचवटाही नाही. सरळ रस्त्यावर इंजिनाची ताकद मोजली जाई आणि टोकाशी ब्रेकची. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पूर्ण वेगातून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबल्यावर ड्रम तापतात, तापल्यावर ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या लायनरची पकड सुटते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. मामा म्हणत, “इंजिन पळवतं, पण शर्यत ब्रेक जिंकून देतो.” म्हणून ते ड्रमच्या मागच्या पत्र्याला भोके पाडून आत वारा जाईल अशी सोय करत आणि दर सरावानंतर चाके काढून लायनर हाताने तपासत.

या गाड्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण शोलावरमचा खरा इतिहास मला त्यांच्यातच दिसतो. परदेशी गाडी आणायची तर परवाना हवा आणि वर जबर आयातशुल्क, असा तो काळ होता. सामान्य माणसाच्या आवाक्यात तीनच गाड्या होत्या: उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आणि आमच्या कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ सीसीचे, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याजवळ. बाजारहाटाला आणि गणपतीत गावाला जायला केलेली ही गाडी होती. तिच्यातून शर्यतीची गाडी काढणे म्हणजे जे मिळते त्यातूनच सगळे घडवणे होते.

मामा आधी सिलिंडर हेड उतरवत आणि लेथवाल्याकडे नेऊन त्याला फेसिंग मारून घेत, म्हणजे त्याचा थर थोडा घासून कमी करत, जेणेकरून आतली जागा आकसून कॉम्प्रेशन वाढावे. हे किती घासायचे यातच कसब होते, कारण आपल्याकडचे पेट्रोल तेव्हा हलक्या प्रतीचे असल्यामुळे कॉम्प्रेशन फार वाढवले की इंजिन नॉक करू लागे, म्हणजे आतून खडखडू लागे, आणि पिस्टनला भोक पडण्याची भीती असे. मग पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा, आतून कानसने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचे, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलायच्या, दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या गाडीचा कार्ब्युरेटर बसवायचा आणि त्यासाठी लागणारा जोड स्वतःच ओतून घ्यायचा. सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून येत; तिथे न मिळालेली वस्तू कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारात शोधावी लागे. मोडलेल्या परदेशी गाडीचा एखादा कार्ब्युरेटर तिथे सापडला, की तो घरी आणून मामा रॉकेलमध्ये धूत बसत. आमच्या आईला त्या वासाचा अतोनात त्रास होई, पण तिने भावाला कधी थांबवले नाही.

त्यांची एक वही माझ्याकडे आहे. व्हॉल्व्हमधले अंतर, प्लगचे अंतर, जेटचा क्रमांक, टायरमधली हवा, असे सगळे त्यांनी दर वर्षी तिच्यात लिहून ठेवले आहे आणि पुढे एका शब्दात निकाल: “पोचलो”, “गॅसकेट”, “तिसरे”, “ब्रेक”. कोण जिंकले हे कुठेच लिहिलेले नाही.

जिंकणाऱ्यांची नावे मात्र प्रसिद्ध आहेत. गोंडलचे महाराज ज्योतेंद्रसिंहजी परदेशातून आणलेल्या शर्यतीच्या गाड्या घेऊन तिथे उतरत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विजय मल्ल्या यांनी एन्साइन कंपनीची जुनी फॉर्म्युला वन गाडी शोलावरमला पळवली. एकाच धावपट्टीवर सकाळी फियाट आणि हेराल्ड, दुपारी मोटारसायकली आणि नंतर अशी एकच माणूस बसणारी, उघड्या चाकांची गाडी पाहायला हजारोंची गर्दी होई. मामांच्या बोलण्यात या श्रीमंत गाड्यांविषयी कधी असूया आली नाही. ती गाडी जवळून पाहता आली, तिच्या ब्रेकचे नळ कसे नेले आहेत हे बघता आले, याचेच त्यांना फार अप्रूप होते. पण ज्यांनी घरच्या गाड्या रात्र रात्र जागून पळत्या केल्या त्यांच्याविषयी कुठेही एक ओळ नाही, हे मला खटकते.

या प्रसिद्ध मंडळींपेक्षाही जास्त आदराने मामा ज्यांचे नाव घेत ते कोइम्बतूरचे एस. करिवर्धन. त्यांनी नव्याने आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन घेऊन एकच माणूस बसेल अशी शर्यतीची गाडी इथेच बांधली. फॉर्म्युला मारुती या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाड्यांमुळे परदेशी गाडी परवडत नसलेल्या तरुणांना खऱ्या अर्थाने शर्यतीत उतरता आले. पुढे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, हा याच गाड्यांवर तयार झाला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. गॅरेजमध्ये त्या दिवशी काम बंद होते, एवढे मला आठवते.

तोवर शोलावरमच्या शर्यती संपून काही वर्षे झाली होती. धावपट्टी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या मालकीची नव्हती, ती शर्यतीपुरती मिळे. दर वर्षी टायर, पिंपे आणि गवताच्या पेंढ्या लावून मार्ग आखायचा आणि शर्यत संपली की सगळे उचलायचे. पृष्ठभाग जुना होऊन ठिकठिकाणी उखडत चालला होता, गाड्यांचा वेग वाढत होता आणि प्रेक्षक मार्गाच्या फार जवळ उभे राहत होते. क्लबने अखेर स्वतःची जागा घेऊन श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे ३.७ किलोमीटरचा पक्का मार्ग बांधला. तो १९९० साली सुरू झाला आणि शोलावरमचा उपयोग उरला नाही. मामांचे शेठ, म्हणजे गाडीचे ते पारशी मालक, तेव्हा साठीला आले होते. नव्या मार्गावर ते गेले नाहीत आणि फियाट विकली गेली.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मी बंगळूरला होते, तेव्हा मामांना बोलावून घेतले आणि आम्ही दोघे चेन्नईच्या रस्त्याने इरुंगाट्टुकोट्टैची शर्यत पाहायला निघालो. त्यांच्या काळी फियाट ट्रकवर घालून नेण्याइतके पैसे नसत. ते आणि शेठ ती चालवतच पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर या वाटेने नेत, तिथे शर्यत करत आणि गाडी धड राहिली तर त्याच वाटेने परत आणत. श्रीपेरुंबुदूर मागे पडल्यावर ते खिडकीतून सारखे बाहेर पाहू लागले. आता सगळीकडे कारखाने आहेत. मार्गाच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा आतून इंजिनांचा आवाज येत होता, पण मामा तिकडे न जाता रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

“अगं, हाच रस्ता,” ते म्हणाले. “मद्रास जवळ आलं की इथेच कुठेतरी आम्ही रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबायचो. तेव्हा इथे नुसती शेतं होती. शेठ बॉनेटवर हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, अजून शोलावरम लांब आहे, जरा थंड होऊ दे.”

मग ते माझ्याबरोबर आत आले आणि संध्याकाळपर्यंत वळणापाशी, जिथे गाड्या ब्रेक लावतात तिथे, उभे राहिले.