आमची वाटचाल : मोजमाप आणि जुनी बुलेट

लालबागच्या गाळ्यात आमचे बुलेट मोटारसायकलींचे गॅरेज सुरू झाले ते १९८२ च्या गिरणी संपानंतर. आमचे पहिले भागीदार, ज्यांना सगळे मामा म्हणत, एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. नोकरी गेल्यावर मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल गेज ही बारीक मापाची हत्यारे, एवढे भांडवल घेऊन ते माझ्यासोबत आले. मायक्रोमीटरची पेटी दुसऱ्या कोणी उघडलेली त्यांना खपत नसे. नव्या क्रँकपिनचे (इंजिनाचा कनेक्टिंग रॉड जिच्यावर फिरतो त्या पिनेचे) माप ते तीन ठिकाणी घेत, प्रत्येक वेळी पिन थोडी फिरवून, आणि त्यांची मान आडवी हलली की तो भाग कितीही चकचकीत असला तरी कुर्ल्याच्या दुकानदाराकडे परत जाई.

मधली वर्षे बरी गेली, त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. कसोटी लागली ती समोर नवे दुकान उघडले तेव्हा. कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या) बुलेटला रोलर बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकपिनकडील टोकाचे रोलर बेअरिंग), इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि पुढे डिस्क ब्रेक, सगळे एका दिवसात, अशी त्याची पाटी होती. आमचे जुने गिऱ्हाईक, ज्यांच्या गाड्यांचे पॉइंट (इग्निशनची ठिणगी पाडणारे जुने स्विच) आम्ही उधारीवर बदलले होते, रस्ता ओलांडून तिकडे गेले. भाडे थकले, लेथ विकण्याची बोलणीही झाली. मामा अडून बसले म्हणून ती राहिली.

रोलर बिग एंडला आमचा कधीच विरोध नव्हता, हे येथे नोंदवून ठेवतो. बुलेटचा जुना तरंगता बुश (बिग एंडमधले रोलर नसलेले, सैल फिरणारे कडे) तेलाच्या पातळ थरावर चालतो आणि त्या इंजिनाचा प्लंजर तेलपंप दाब माफकच देतो, त्यामुळे रोलर बसवण्यात अर्थ आहे. मात्र पिन बदलल्यावर क्रँक सेंटरवर धरून, डायल गेजचा काटा दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत येईपर्यंत फ्लायव्हील तांब्याच्या हातोड्याने ठोकून सरळ करावे लागतात, आणि हे काम घाईत होत नाही. समोरून आलेले पहिले इंजिन आम्ही खोलले तेव्हा रोलर उत्तम होते, पण काटा थांबायला तयार नव्हता. इग्निशनचेही तेच : नवे मॉड्यूल जुन्याच अ‍ॅडव्हान्स युनिटवर (इंजिनाच्या वेगाप्रमाणे ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेवर) बसवलेले, ज्याची स्प्रिंग सैल आणि वजनांच्या पिना झिजलेल्या, मग पॉइंट गेले तरी टायमिंग डोलतच राहणार. डिस्कपेक्षा आम्हाला सात इंची टू लीडिंग शू ड्रमच (ज्याचे दोन्ही ब्रेक शू चाकाच्या फिरण्याने आणखी आवळतात तो) बरा वाटतो, कारण डिस्कचा एका बाजूचा ताण पुढच्या जुन्या फोर्कच्या नळ्यांना सोसेलच असे नाही.

कोणी विचारले नसले तरी सांगतो : एका वेळी एकच भाग बदलावा, त्यावर गाडी महिनाभर शहराच्या गर्दीत आणि एकदा घाटात चालवावी, मगच पुढच्या भागाला हात घालावा, नाहीतर बिघाड कुठल्या भागाने आणला हे सांगता येत नाही. काढलेला मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून गाडीमालकाच्याच हवाली करावा.

समोरच्या जागेत आता मोबाइलच्या काचा बसवून मिळतात. तिथून आलेली इंजिने आम्ही दुरुस्त करून दिली, त्यांपैकी काहींची उधारी अजून आमच्या वहीत उभी आहे, आणि त्या गाडीमालकांपैकी दोघे तर दर गणपतीत वर्गणीची पावती घेऊन आमच्याच दारात येतात.