पेंडिंगमध्ये अडकलेला क्लेम

मुलुंडच्या घरी, १६ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर, मी तीन व्हर्च्युअल मशीनचा छोटा कुबरनेटिस क्लस्टर (कंटेनरमधले प्रोग्राम अनेक मशीनवर चालवणारी यंत्रणा) चालवतो: एक कंट्रोल प्लेन, म्हणजे कारभार पाहणारे मशीन, आणि प्रत्यक्ष काम करणारे दोन वर्कर. ऑफिसच्या क्लस्टरवर प्रयोग करण्यापेक्षा घरच्या घरी मोडतोड केलेली बरी, असा त्यामागचा हिशेब. मागच्या शनिवारी आवराआवर करताना मी पोस्टग्रेस या डेटाबेसचा पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम, म्हणजे डिस्कवरच्या कायमच्या जागेसाठीची (व्हॉल्यूमसाठीची) मागणी, डिलीट केला, त्याच फाइलमधून त्याच नावाने पुन्हा तयार केला आणि त्याच बैठकीत डेटाबेसची इमेजही, म्हणजे तो ज्यावरून चालतो ते तयार पॅकेजही, बदलली. क्लेम पेंडिंगवरून हलेना, म्हणजे त्याला व्हॉल्यूम मिळेना.

सुरुवातीला मी निर्धास्त होतो. लोकल व्हॉल्यूमच्या स्टोरेज क्लासमध्ये (साठवणीचे नियम ठरवणाऱ्या नोंदीत) सहसा 'वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर', म्हणजे पहिला वापरणारा येईपर्यंत थांबा, असे ठेवलेले असते, कारण ज्या मशीनच्या डिस्कवर डेटा आहे त्याच मशीनवर पॉड (प्रोग्राम चालवणारे कुबरनेटिसचे एकक) जायला हवा. त्यामुळे पॉड येईपर्यंत क्लेम पेंडिंग दिसणे हा दोष नव्हे. पण पॉड तयार करूनही तो पेंडिंगच राहिला, आणि डिस्क्राइब कमांडच्या तळाशी शेड्यूलरने, म्हणजे कोणता पॉड कुठे चालवायचा हे ठरवणाऱ्या भागाने, सांगितले की जोडण्याजोगा व्हॉल्यूम एकाही नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) नाही. वर्कर-दोनमध्ये शिरून पाहिले, तर फाइली जिथल्या तिथे होत्या.

उत्तर व्हॉल्यूमच्या यादीतल्या स्टेटसच्या रकान्यात होते, जो मी वाचलाच नव्हता. तिथे 'अव्हेलेबल' नव्हे, 'रिलीज्ड' लिहिले होते. हाताने तयार केलेल्या व्हॉल्यूमचे रिक्लेम धोरण (क्लेम गेल्यावर व्हॉल्यूमचे काय करायचे ते), वेगळे सांगितले नसेल तर, 'रिटेन', म्हणजे राखून ठेवा, असते. क्लेम गेला तरी डेटा राहतो, आणि व्हॉल्यूम कोणत्या क्लेमचा हे सांगणाऱ्या क्लेमरेफ या नोंदीत जुन्या क्लेमचा यूआयडीही (एकमेव ओळख क्रमांक) राहतो. नव्या क्लेमचे नाव तेच असले तरी यूआयडी निराळा. खोली रिकामी, पण करार अजून जुन्या भाडेकरूच्या नावावर, अशी ही गत. पॅच कमांडने क्लेमरेफ काढून टाकताच क्लेम काही सेकंदांत बाउंड झाला, म्हणजे व्हॉल्यूमशी जोडला गेला.

पॉड उठला आणि लगेच पडला. लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड'. आई आतून म्हणाली, "अजून तेच चाललंय का रे?" तेच नव्हते, हे दुसरे होते. डेटा फोल्डरवर फाइलींची यादी देणारी 'एलएस' कमांड चालवताना, नावांऐवजी क्रमांक दाखवणारा 'एन' पर्याय दिला, तेव्हा मालक म्हणून ९९९ हा आकडा दिसला. डेबियन या लिनक्सवर बेतलेल्या अधिकृत इमेजमध्ये पोस्टग्रेसच्या वापरकर्त्याचा क्रमांक ९९९ असतो, अल्पाइन या छोट्या लिनक्सवर बेतलेल्या इमेजमध्ये ७०; आणि मी अल्पाइन घेताना मॅनिफेस्टमध्ये (पॉडचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) प्रोग्राम कोणत्या वापरकर्त्याने चालवायचा ते सांगणारे 'रनअ‍ॅजयूजर' ७० करून ठेवले होते. मालकी बदलून काम भागले असते, पण अल्पाइनची सी लायब्ररी वेगळी असल्याने अक्षरांचा क्रम लावण्याची रीतही बदलते आणि जुने इंडेक्स (डेटा पटकन शोधण्यासाठीच्या क्रमवार सूच्या) चुकीचे ठरू शकतात. म्हणून जुनी इमेज आणि ९९९ परत लिहिले, आणि डेटाबेस चालू झाला. अल्पाइनवर जायचे ते आता डम्प (डेटाबेसची फाइलरूपी प्रत) काढून, रिकाम्या व्हॉल्यूमवर.