पोराला शाळेतून कायमचं काढलं त्यानंतरचे चार महिने – माझा अनुभव

बाटली स्टीलची होती. मीच पुण्याहून आणलेली, तुळशीबागेतली, चांगली जाड. ती माझ्या पोराने सायन्सच्या तासाला भिरकावली आणि पुढे बसलेल्या मुलाच्या भुवईला लागली, दोन टाके पडले. हे आधीच सांगून टाकते कारण "आमचं बाळ तसं नाहीये हो" असलं काही लिहायला मी बसलेली नाही. चूक त्याचीच. त्या मुलाच्या आईला मी फोन केला, तिने उचलला नाही, तिच्या जागी मी असते तर मीही नसता उचलला.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२४ ची. आम्ही लंडनच्या पश्चिमेला राहतो, पोरगा तेव्हा इयर एटला, साडेबारा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेडटीचरचं पत्र ईमेलवर आलं, पर्मनंट एक्सक्लूजन. इथे सस्पेन्शन वेगळं, ते काही दिवसांपुरतं, वर्षात जास्तीत जास्त ४५ शाळेचे दिवस देता येतं, आणि पर्मनंट म्हणजे कायमचं, नावच कमी. दोन्हीचा अधिकार एकट्या हेडटीचरचा. नवरा पत्र तीनदा वाचून म्हणाला, म्हणजे उद्या जायचं नाही का? मी म्हणलं, परवाही नाही.

कोल्हापूरहून भावाचा फोन, "ताई, इकडे आणून टाक त्याला, आपल्याकडे आठवीपर्यंत कुणाला काढताच येत नाही." ते खरंय, २००९ च्या आरटीई कायद्यात कलम १६ तेच सांगतं. मी म्हणलं अरे हो, काढत नाहीत, बोलावून घेतात आणि गोड बोलून "तुम्हीच एलसी घेऊन जा" म्हणतात, ते कुठल्या कलमात बसतं? तेव्हा मी हे रागारागात बोलले होते, नंतर कळलं की आमची सगळी केस नेमकी त्याच गोष्टीवर उभी आहे.

आता शाळेबद्दल. शाळा कडक म्हणूनच आम्ही घेतली होती, हेही कबूल करते. कॉरिडॉरमधून जाताना बोलायचं नाही, पेन विसरलं की एक पॉईंट, मागे वळून बघितलं की एक पॉईंट, इतके झाले की डिटेन्शन, त्याच्यावर गेलं की दिवसभर भिंतीकडे तोंड करून एकट्याने बसायचं. प्रत्येक पॉईंटचं नोटिफिकेशन माझ्या फोनवर. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टुंग, टुंग. वेंब्लीच्या मिकेला शाळेमुळे या कडक पद्धतीवर इथे कायम वाद चालू असतो, एक बाजू म्हणते गरीब घरातली पोरं यामुळेच पुढे जातात, दुसरी म्हणते ज्यांना जमत नाही ती बाहेर फेकली जातात. मला विचाराल तर दोन्ही खरं. आमच्या शेजारची मराठी मुलगी प्रायमरीत शिकवते, तिच्या वर्गात खुर्ची फेकली गेलीय, तिच्यासमोर शिस्तीविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. मार्चपासून शाळेचे फोन येत होते, "आज जरा अस्वस्थ आहे, घरी घेऊन गेलात तर त्याच्यासाठीच बरं." मी काय करायची, थँक यू म्हणायची, दोनदा सॉरी म्हणायची आणि जायची. शाळेतले सर सांगतायत म्हणजे बरोबरच असणार, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. आणि उलट मला ते आपल्या फायद्याचं वाटायचं, सस्पेन्शन लागत नाहीये ना.

पत्र आल्यावर सेंडियासला, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आईबापांना सल्ला देणाऱ्या सेवेला, फोन लावला. ही सेवा प्रत्येक कौन्सिलच्या भागात असते, फुकट, सगळ्यात आधी इथेच लावा. तिथल्या बाईंनी विचारलं, किती वेळा घरी पाठवलं? मी म्हणलं दोन सस्पेन्शन. "ते नाही, नुसतं घेऊन जा म्हणून किती वेळा?" मला आठवेना. त्या म्हणाल्या असं शांत होण्यासाठी घरी पाठवणं बेकायदेशीर आहे, आईबाप हो म्हणाले असले तरी, पाठवायचं तर सस्पेन्शन म्हणून लेखी द्यावं लागतं.

रात्री व्हॉट्सॲप उघडून बसले. नवऱ्याला केलेले मेसेज. "परत बोलावलंय. चालले." "याला आणायला जातेय, भाजी गॅसवरून उतरवलीय." असे ११ सापडले. सगळे दुपारी एक ते दोनच्या मध्ये, म्हणजे जेवणाची सुट्टी संपून वर्गात जायच्या वेळेचे. हे मला आठ महिन्यांत दिसलं नव्हतं. तारखा लावून तक्ता केला आणि मेसेजचं इंग्रजी केलं, भाजीसकट.

इन्स्पेक्शनचं सांगायचं राहिलं. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बाटलीच्या आधी महिनाभर, ऑफस्टेडवाले, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी लोक, येऊन गेले होते. एका शब्दात शाळेचा निकाल लावायची पद्धत त्यांनी त्याच सप्टेंबरात बंद केली होती, २०२३ मध्ये रेडिंगच्या रूथ पेरी या हेडटीचरने शाळेच्या अशाच तपासणीनंतर आत्महत्या केली, तेव्हापासून त्यावर फार आरडाओरडा झाला होता. तरी गेटवर जुना "गुड"चा बॅनर होताच. आईबापांना सर्व्हेची लिंक आली, त्यात प्रश्न होता शाळेतली मुलं नीट वागतात का. मी "ॲग्री"वर टिक केलं. खोटं नव्हतंच ते. इन्स्पेक्टर सस्पेन्शनचे आकडे बघतात, माझे ११ मेसेज कुठल्याच आकड्यात नव्हते, आणि नंतर ऑफस्टेडकडे लिहिलं तर एकेका मुलाचं भांडण सोडवणं त्यांचं कामच नाही असं कळलं. मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. पण सोयीचं होतं हे नक्की.

पहिले पाच दिवस शाळा घरी अभ्यास पाठवते आणि शाळेच्या वेळात पोरगं बाहेर दिसलं तर आईबापांना दंड होऊ शकतो, म्हणून नवरा त्याला घेऊन घरातच. सहाव्या दिवसापासून कौन्सिलला सोय करावी लागते, ती पीआरयूला झाली, म्हणजे शाळेतून काढलेल्या मुलांच्या शाळेत. मी रडतच सोडलं. संध्याकाळी हा म्हणाला, आई तिथे सकाळी टोस्ट देतात.

मग गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख करणारं मंडळ, त्यांची मीटिंग १५ शाळेच्या दिवसांत व्हावी लागते. तीन गव्हर्नर, क्लार्क, हेडटीचर, आम्ही. मी आधी शाळेकडून त्याच्याबद्दलचे सगळे ईमेल मागवून घेतले होते (हा हक्क आहे, एका महिन्यात द्यावे लागतात), त्यात सायन्सच्याच सरांचा मे महिन्यातला ईमेल होता, याला सेंकोकडे (विशेष गरजा असलेल्या मुलांचं बघणारे शाळेतले शिक्षक) पाठवा, जेवणानंतर याला बसवत नाही. पाठवलंच नव्हतं. मी वाचून दाखवला. हेडटीचर खाली बघत होत्या, वाईट वाटलं मला त्यांचं. पण निकाल तोच, निर्णय कायम.

मग इंडिपेंडंट रिव्ह्यू पॅनल, म्हणजे शाळेबाहेरच्या लोकांकडे दाद. अर्ज १५ शाळेच्या दिवसांत, उशीर झाला तर संपलं. त्यात एसईएन एक्सपर्ट, म्हणजे मुलांच्या विशेष गरजांचा जाणकार, मागा, पोराचं निदान झालेलं नसलं तरी मागितला की द्यावाच लागतो. आमचं एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, एका जागी न बसवणं) तपासणीसाठी नाव नुसतं वेटिंग लिस्टमध्ये होतं. एक्सपर्ट तक्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, या वेळा बघा. २०१९ च्या टिम्पसन रिव्ह्यूत, म्हणजे एक्सक्लूजनवरच्या सरकारी अहवालात, आहे की कायमच्या काढलेल्यांपैकी ७८ टक्के मुलं एकतर विशेष गरजा असलेली, नाहीतर सोशल केअरखालची, नाहीतर फ्री जेवणवाली. आणि २०२३-२४ मध्ये इंग्लंडभरात एकूण १०,८८५ पर्मनंट एक्सक्लूजन झाली. वाचताना आकडा असतो हो, त्या टेबलाशी बसलं की तो शर्ट टोचतोय म्हणून कॉलर ओढणारा आपला पोरगा असतो.

पॅनलने निर्णय रद्द ठरवला. पण पॅनल पोराला परत घ्या असा हुकूम देऊ शकत नाही, गव्हर्नरांना पुन्हा विचार करा एवढंच सांगतं, आणि तरी घेतलं नाही तर शाळेला ४,००० पाऊंड भरावे लागू शकतात. आमच्या गव्हर्नरांनी मार्चमध्ये परत घेतो असं पत्र दिलं. हेडटीचरबद्दल हेही सांगते, पत्रावर त्यांनी हाताने "वेलकम बॅक" लिहिलं होतं.

पोरगा म्हणाला, मला नाही जायचं. तो मुलगा तिथेच आहे ना, मी त्याच्या वर्गात कसा बसू.

आता दुसऱ्या शाळेत जातो, बसने ४० मिनिटं. मागच्या आठवड्यात दुपारी सव्वाला तिथून फोन आला, स्क्रीनवर शाळेचं नाव बघून माझे हातपाय गार. पी.ई.चा किट विसरला होता.

किट द्यायला गेले आणि रिसेप्शनवरच्या बाईला दोनदा सॉरी म्हणून आले.