टेंभरं, चारं आणि मे महिन्याचा बाजार
मे महिन्यात आमच्या भंडाऱ्याकडं पारा 45 ला टेकतो, म्हणून आठवडी बाजाराला आम्ही पाचनंतरच निघतो. भेदरं (म्हणजे टमाटे), सांबार (म्हणजे कोथिंबीर), मिरच्या पटकन घेतल्या की झालं, पण माझा जीव असतो कोपऱ्यातल्या टोपल्यांवर, जंगलाकडच्या बाया टेंभरं (तेंदूची फळं) नि चारं घेऊन येतात ना, ते उन्हाळ्यात थोडेच दिवस मिळतं. चारं म्हणजे चारोळीचं फळ, काळं, आंबटगोड, आणि बी फेकू नका बरं, तीच फोडली की आतून चारोळी निघते. "मावशी, माप भरून द्या ना," म्हटलं की वरून मूठभर टाकतात. यांच्याशी भाव करायला मला आवडतच नाही, पहाटेपासून रान तुडवलेलं असतं त्यांनी. वैनगंगेच्या वाळूतलं खरबूज मात्र वास घेऊनच घ्या, गोड वास आला तरच पिकलंय.